फॉलआउट की न्यूक्लिअर विंटर? एक खाली पडतं, दुसरं वरच राहतं

माझा मावसभाऊ खानापूरला असतो, अणुयुद्धावरची माझी तीन पुस्तकं नेलेली त्यानं, परवा परत द्यायला आला आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू, "दादा, एकात सगळी माणसं किरणांनी मरतात आणि दुसऱ्यात थंडीनं नि उपाशी, मग खरं काय ते एकदाचं सांग की." पुस्तक उघडून बघतो तर ह्या बाबानं पेन्सिलनं समासात जिथं तिथं 'फॉलआउट' लिहून ठेवलंय. धूर दिसला की फॉलआउट, अंधार झाला की फॉलआउट. पुस्तकं माझी आहेत हे सोडूनच द्या.

पण फॉलआउट आणि न्यूक्लिअर विंटर एकच समजायचा हा घोळ खूप जणांचा होतो, आधी माझाही व्हायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडं ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. त्या रात्री गच्चीवर कपडे वाळत असले तर सकाळी त्यावर काळ्या चिंध्या पडलेल्या असतात, हात लावला की चुरा होतो. ही झाली खाली पडणारी गोष्ट. आणि हिवाळ्याच्या दिवसात वारं नसलं की तोच धूर शिवारावर पातळ चादरीसारखा थांबतो, सूर्य वर आला तरी ऊन मेल्यासारखं लागतं. ही झाली वर राहणारी गोष्ट. आग एकच, पण कपडे झटकले की पहिली गोष्ट संपली, दुसरीला झटकणार कुठं?

फॉलआउट म्हणजे पहिली. बॉम्ब जमिनीवर किंवा अगदी जवळ फुटला की आगीचा गोळा जमिनीला लागतो, माती-दगडाची वाफ होऊन वर ओढली जाते, बॉम्बमधले किरणोत्सारी तुकडे त्या मातीला चिकटतात आणि वारा जाईल तिकडं ती राख होऊन पडते. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर चाचणी केली, अंदाज होता ६ मेगाटनच्या आसपास (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाएवढा जोर) आणि निघाला १५. सव्वाशे किलोमीटरच्या वर लांब जपानची एक मासेमारीची बोट होती, २३ माणसं, त्यांच्यावर पांढरी राख पडत राहिली, ती बेटावरच्या प्रवाळाची भुकटी होती. सगळे आजारी पडले आणि त्यांचा वायरलेस ऑपरेटर सप्टेंबरात गेला. बाजूच्या रोंगेलॅप बेटावरच्या पोरांना पुढं थायरॉइडचा त्रास निघाला.

आता ह्यात एक बरी गोष्ट आहे (बरी म्हणजे काय, त्यातल्या त्यात), ती म्हणजे ही राख लवकर थंडावते. ढोबळ हिशोब असा की वेळ सातपट झाला की किरणांचा जोर दहावा हिस्सा उरतो. म्हणजे स्फोटानंतर पहिल्या तासाला जेवढा होता त्याचा ७ तासांनी एक दशांश, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून पुस्तकातली माणसं तळघरात पंधरा दिवस बसतात, ते काय लेखकाच्या मनानं आलेलं नाही. अर्थात स्ट्रॉन्शियम, सीझियम असली दमदार मंडळी मागं उरतात, त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा वेळ, तीसेक वर्षं. आयोडीन-१३१ चं फक्त ८ दिवस, पण ते गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून पोरांच्या गळ्यात जातं.

मावसभावानं लगेच विचारलं, मग आपलं घर चालेल काय? त्यांचं जुनं घर जांभ्या दगडाचं, भिंती दोन फुटी, मी म्हटलं भिंती झकास आहेत रे, पण वर कौलं. राख छपरावर बसणार आणि कौलातून किरण सरळ खाली. त्यापेक्षा दोन-तीन मजली स्लॅबच्या बिल्डिंगचा मधला मजला, तोही मधली खोली, बरा. राखेपासून लांब, मधे जाड काहीतरी, आणि थांबायची तयारी, एवढ्या तीन गोष्टींवर सगळं चालतं.

वर राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे न्यूक्लिअर विंटर, अणुयुद्धानंतरचा हिवाळा. तिच्यात मात्र किरणांचा संबंधच नाही, आणि घोळ होतो तो नेमका इथंच. शहरं पेटतात, डांबर, प्लॅस्टिक, तेल, लाकूड सगळं, आणि त्याची काजळी ढगांच्याही वर जाते, आपल्या भागात म्हणाल तर १६-१७ किलोमीटरच्या वर. खालच्या हवेतला धूर पावसानं धुऊन निघतो, खानापूरकरांना पावसाचं मी काय सांगायचं, पण तिथं वर पाऊसच नाही. उलट काळी काजळी उन्हानं तापते आणि अजून वर चढते. मग काही वर्षं ऊन कमी, थंडी जास्त, पाऊस कमी. १९८३ साली अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी हे मांडलं, त्याच्या आदल्या वर्षी क्रुट्झन आणि बर्क्स या दोन शास्त्रज्ञांनी जळणाऱ्या जंगलांच्या नि शहरांच्या धुराचा मुद्दा काढला होता.

२००७ चा हिशोब तर आपल्याच घरचा आहे. भारत-पाकिस्तानमध्ये हिरोशिमाएवढे १०० बॉम्ब पडले तर ५० लाख टन काजळी आणि जगाचं सरासरी तापमान सव्वा अंशानं खाली. सव्वा अंश ऐकायला काहीच नाही, पण पेरणीचा महिनाच सरकला तर भाताचं काय होईल ते शेतकऱ्याला विचारा. २०२२ च्या अभ्यासात भारत-पाकच्या सगळ्यात वाईट शक्यतेत उपासमारीनं २ अब्जांवर, आणि अमेरिका-रशियाच्या युद्धात ५ अब्जांवर माणसं जातील असं निघालं. ह्यातल्या बहुतेकांच्या गावावर बॉम्ब पडलेलाच नसणार.

पण हे मॉडेल आहे, म्हणजे संगणकावर मांडलेला हिशोब, झालेली घटना नाही. १९९१ ला कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या तेव्हा आशियाभर परिणाम होईल अशी भीती सेगननी बोलून दाखवली होती, प्रत्यक्षात धूर खालीच राहिला. २०१८ मध्ये लॉस अलामोस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या लोकांनी काजळी एवढी वर जाणारच नाही असा हिशोब मांडला, त्यावर दुसऱ्या बाजूनं उत्तरं आली, वाद चालू आहे. उलट १८१५ ला इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, हे घडलेलं आहे, फक्त तिथं काजळी नाही, गंधक होता. माझं म्हणाल तर वर काही अडकलं की ऊन कमी होतं ह्यात मला शंका नाही, काजळी किती आणि किती वर ह्यात आहे. फॉलआउटचं तसं नाही, ते माणसांच्या अंगावर पडलेलं आहे.

म्हणून पुस्तक हातात घेतलं की मी आधी साल बघतो. १९५७ ची 'ऑन द बीच' कादंबरी घ्या, उत्तरेत युद्ध होतं आणि मेलबर्नची माणसं महिनोन् महिने मरण यायची वाट बघत बसतात, पूर्ण फॉलआउटची गोष्ट, थंडीचं नाव नाही, कारण तेव्हा ती कल्पनाच नव्हती. आणि साधी राख इतके महिने जोर धरत नाही, पण कादंबरीत कोबाल्टचे बॉम्ब आहेत, कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५ वर्षांच्या वर, म्हणून गोष्ट निभावते. तरी सगळ्या जगातला शेवटचा माणूससुद्धा मरेल हे जरा ताणलेलंच. १९८३ नंतरच्या पुस्तकांत मात्र माणसं तळघरातून बाहेर येतात तर वर सूर्यच नीट नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्याच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायला बसलो. तिसरं पुस्तक जॉन हर्सी यांचं 'हिरोशिमा', १९४६ चं. तिथं बॉम्ब जमिनीपासून जवळजवळ ६०० मीटर वर फुटला होता, गोळा जमिनीला लागला नाही, म्हणून राख त्या मानानं कमी. पण शहर पेटलं, त्याची काजळी वर गेली, आणि फार वर जायच्या आधीच पावसाबरोबर किरणोत्सारी तुकड्यांसकट काळी होऊन खाली आली. हर्सीनी गोटीएवढे थेंब पडल्याचं लिहिलंय, त्या पानाच्या समासात ह्यानं लिहिलेलं, 'दोन्ही?'

तेवढं एक खोडलं नाही.