हरिकेन आर ४११८
हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पहिल्या आवृत्तीतील (मार्क १), १९४० च्या ‘ब्रिटनच्या लढाई’त (ब्रिटिश व जर्मन हवाई दलांमधील लढाईत) लढलेले, पुढे भारतात पडून राहिलेले आणि २००४ मध्ये पुन्हा उडालेले विमान. आर ४११८ हा त्याचा हवाई दलातील अनुक्रमांक. बाजूवरच्या ‘यूपी–डब्ल्यू’पैकी ‘यूपी’ ही ६०५ व्या स्क्वाड्रनची खूण, ‘डब्ल्यू’ हे स्क्वाड्रनमधील विमानाचे अक्षर. विमान गेले की तेच अक्षर दुसऱ्याला मिळे. म्हणून जुन्या छायाचित्रातील विमानाची ओळख अनुक्रमांकावरूनच पटवावी.

बांधणी ग्लॉस्टर कंपनीच्या ब्रॉकवर्थ येथील कारखान्यात झाली. १७ ऑगस्ट १९४० रोजी ते स्कॉटलंडमधील ड्रेम तळावर ६०५ व्या स्क्वाड्रनकडे आले. सप्टेंबरमध्ये स्क्वाड्रन लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडनला हलले आणि तेथून या विमानाने ४९ लढाऊ उड्डाणे केली. ते चालवणाऱ्यांत बॉब फॉस्टर हे वैमानिक होते. या विमानाच्या नावावर शत्रूची पाडलेली पाच विमाने सांगतात. मात्र श्रेय वैमानिकाच्या नावे नोंदले जाई, एका पाडावात अनेकांचा वाटा असे आणि पाडलेले व नुकसान झालेले यांची गल्लतही होते. तेव्हा ‘पाच विमानांत वाटा’ एवढेच म्हणणे सुरक्षित. जानेवारी १९४१ मध्ये ते १११ व्या स्क्वाड्रनकडे व नंतर प्रशिक्षण तुकड्यांकडे गेले. डिसेंबर १९४३ मध्ये खोक्यात भरून ते भारतात पाठवण्यात आले. पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तेव्हा पुढच्या आवृत्तीतील मार्क २ हरिकेन वापरात होती.

हे विमान टिकले कसे, याचे उत्तर त्याच्या सांगाड्यात आहे. हरिकेनचा सांगाडा बहुतांशी वेल्डिंगचा नाही. गोल नळ्यांची टोके दाबून चौकोनी करतात, त्यांच्या दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या लावून बोल्टने आवळतात. बोल्टच्या छिद्रात पोकळ पुंगळी असते. ती नसली किंवा बोल्ट जास्त आवळला, तर नळी चेपते आणि सांध्यात खेळ येतो. मधल्या चौकटी तारांच्या ताणाने काटकोनात आणतात. यावर लाकडी पट्ट्या, त्यावर डोप (कापड ताणून घट्ट करणारे रोगण) लावून ताणलेले लिननचे कापड. कापड व लाकूड पावसात लवकर जाते, नळ्या राहतात. पण खालच्या सांध्यांत पाणी साचते, पोलाद व ड्युरॅल्युमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) एकमेकांना भिडतात तिथे गंज वेगाने चढतो. नळी आतून गंजते, बाहेरचा रंग शाबूत दिसतो. त्यामुळे सांधा उघडल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

१९४७ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी विमान बनारस हिंदू विश्वविद्यालयाला मिळाले. तिथे ते उघड्यावर राहिले. एका अर्थी हेच पथ्यावर पडले, कारण लढाईनंतर त्याचे ना रूपांतर झाले, ना सुटे भाग इकडचे तिकडे झाले. १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस मोटारी शोधत आलेले पीटर व्हॅचर यांनी ते पाहिले. दीर्घ वाटाघाटींनंतर २००१ मध्ये ते इंग्लंडला नेले. सफोक परगण्यातील हॉकर रिस्टोरेशन्सने दुरुस्ती केली आणि २३ डिसेंबर २००४ रोजी ते उडाले. २०१५ मध्ये मालकी बदलली व विमान बेडफर्डशरमधील ओल्ड वॉर्डनला आले.

‘लढाईतले एकमेव उडणारे हरिकेन’ हे जुने बिरुद आता लावता येत नाही: त्या लढाईतलीच दुसरी दोन हरिकेन, २०१७ मध्ये पी ३७१७ व २०१८ मध्ये व्ही ७४९७, पुन्हा उडाली. मात्र पी ३७१७ चे युद्धकाळातच मार्क २ मध्ये रूपांतर होऊन त्याला नवा अनुक्रमांक मिळाला होता. व्ही ७४९७ सप्टेंबर १९४० मध्ये कोसळलेले, म्हणजे बरेचसे नव्याने घडवलेले. मूळ साहित्य किती उरले या कसोटीवर आर ४११८ चा दावा अधिक बळकट ठरतो. अर्थात, उडण्याजोग्या कोणत्याही हरिकेनचे लाकूड, कापड आणि बराचसा बोल्टसाठा नवाच असतो.