ठासणीच्या बंदुकीची निगा: आमच्याकडे आणण्याआधी आणि घरी नेल्यावर

जुन्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकीला गंजापेक्षा पॉलिश पेपरची जास्त भीती असते. वर्षानुवर्षे अडगळीत पडलेली नळी कोणीतरी हौसेने घासायला घेतो. संध्याकाळपर्यंत ती नव्या नळासारखी लखलखते आणि तिचा तपकिरी रंग, कारागिराची खूण, कसोटीचे शिक्के सगळे धुळीबरोबर निघून जातात. आम्ही जुन्या बंदुका दुरुस्त करतो, पण त्यातले काहीच आम्हाला परत आणता येत नाही. म्हणून हे पत्रक काढले. आमच्या कामापेक्षा तुमच्या हातून घरी काय व्हावे आणि काय होऊ नये, हेच यात जास्त आहे.

सगळ्यात आधी: भरलेली तर नाही?

वारशाने आलेली बंदूक भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. टोपीची, म्हणजे घोड्याचा ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या टोपीने उडणारी बंदूक असेल तर घोडा अलगद मागे घेऊन निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या बारीक बोंडावर, टोपी आहे का ते बघा. सहज निघाली तर काढा, चिकटून बसली असेल तर खरवडू नका.

मग गज, म्हणजे नळीत दारू ठासायची लांब काठी, घ्या. नळीचे तोंड कोणाकडेही वळलेले नको आणि तुमचा चेहरा किंवा तळहातही त्याच्या समोर नको. गज दोन बोटांनी कडेने धरून अलगद आत सोडा, तोंडाशी पेन्सिलने खूण करा आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक कानापर्यंत, म्हणजे बत्ती आत जाण्याच्या भोकापर्यंत पोचले तर नळी रिकामी आहे. दोन-तीन बोटे अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. चिंधी असेल, कुंभारमाशीने केलेले मातीचे घर असेल किंवा खरोखरच दारू आणि गोळी. काही नळ्या तळाशी अरुंद असतात, तिथे रिकाम्या नळीतही गज थोडा आधी अडतो. शंका आली की भरलेलीच समजा. ठोकू नका, ड्रिल लावू नका, तापवू नका. उचलून आमच्याकडे आणूही नका, आधी फोन करा.

तोडा, गार की टोपी?

तोड्याच्या बंदुकीत पेटती वात रंजकावर, म्हणजे कानाशी ठेवलेल्या दारूवर, टेकते. गारेच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातली गार पोलादी पातीवर घासते. ठिणग्या गारेच्या असतात असे पुष्कळांना वाटते, पण गार पोलादाचे बारीक कण तासते आणि पेटतात ते कण. पात मऊ पडली की कितीही चांगली गार लावा, ठिणगी पडत नाही. आगीत सापडलेल्या बंदुकांचे हेच होते. पातीला पुन्हा पाणी देऊन कडक करता येते, ते काम आमच्यावर सोपवा.

टोपीचे मूळ अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे जाते. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसताच पाखरे उडून जात, म्हणून त्याने ठोका बसताच पेटणारा स्फोटक वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. तांब्याची टोपी त्यानंतर आली आणि हजारो गारेच्या बंदुका टोपीवर बदलून घेतल्या गेल्या. आज मालक त्या ‘मूळ रूपात’ परत मागतात. आम्ही शक्यतो नकार देतो. तो बदलही आता त्या बंदुकीचा इतिहास आहे, आणि तो पुसण्याचे पैसे घ्यायला आम्हाला जड जाते.

बार काढल्यावर: पाणी

काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. ही मुख्यतः पोटॅशियमची क्षारे असतात आणि ती हवेतला ओलावा ओढतात. दमट दिवसांत तर एका रात्रीत नळीत गंज दिसू लागतो. पेट्रोल, रॉकेल किंवा यंत्राचे तेल ही क्षारे विरघळवत नाही, पाणी विरघळवते. बंदुकीला पाणी लावायला लोक बिचकतात आणि तेलाने पुसून समाधान मानतात. त्या तेलाखाली क्षार तसेच राहतात.

नळी निघत असेल तर दस्त्यापासून वेगळी करा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरे. चिंध्या गजावर गुंडाळून, पांढऱ्या बाहेर येईपर्यंत आत-बाहेर करा. उकळते पाणी घ्यावे असे काही जुने जाणकार सांगतात, कारण नळी लवकर सुकते. पण त्याने आत लगेच तांबूस गंज धरताना आम्ही पाहिला आहे, म्हणून आम्ही कोमटच वापरतो. नीट सुकवा, मग तेलाचा हलका हात फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवायची. तपकिरी निघाली तर काम अपुरे राहिले आहे. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. घोड्याची कळ आणि कानही दर वेळी साफ करा. पुढचा बार काढण्याआधी खनिज तेल पुसून टाका, दारूच्या राखेशी मिसळून त्याचे डांबर होते.

ठेवताना तोंड खाली करून उभी ठेवा. नाहीतर तेल उतरून दस्त्यात मुरते आणि लाकूड काळे, मऊ पडते. चामड्याच्या पिशवीत मात्र कधीच ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते.

लाकूड

अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल मानवते, पण थेंबाथेंबाने आणि तळहाताने चोळून. भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आम्ही काय करत नाही

लाटांची नक्षी असलेल्या जुन्या नळ्या पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून, वेल्ड करून घडवलेल्या असतात. त्या जोडांत आत काय झाले आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून त्या जपून ठेवण्यापुरत्याच दुरुस्त करतो, वापरासाठी नाही. कसोटीचे शिक्के कोणी घासून काढायला सांगितले तरी हात लावत नाही. १८१३ पासून बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये नळ्यांची दाबाची कसोटी होत आली आहे आणि असा शिक्का म्हणजे त्या नळीची साक्ष. आणि आधुनिक धूररहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही नको. तिचा दाब अशा नळीला सोसत नाही, नळी फुटते.

अर्ध्या घोड्याची खाच, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडवून धरणारी खाच, झिजली आहे का, ते मात्र आम्ही न सांगताही तपासतो. घोडा अर्ध्यावर असताना चाप दाबून तो सुटला, तर ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत वापरायची नाही. परवाना आणि कागदपत्रे तुमच्या देशाच्या नियमांप्रमाणे सोबत असू द्या, त्याशिवाय आम्ही बंदूक स्वीकारत नाही.

आणताना

स्क्रू स्वतः काढू नका. जुन्या बंदुकीत प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकासाठी हाताने बनवलेला असतो, शेजारच्या भोकात तो बसत नाही. आधीच काढले असतील तर जाड कागदावर बंदुकीची बाह्यरेषा काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून आणा. तुटलेले, निम्मे, डोके गेलेले, सगळे आणा. गंजलेल्या तुकड्यावरूनही आटे मोजता येतात.