दगडी कमानीच्या पोटातलं लाकूड

लकडी पूल लाकडाचा नाही आणि नव्या पुलाने २०२३ साली शंभरी ओलांडलेली. यावरचे विनोद प्रत्येक पुणेकराने पाहुण्यांना ऐकवून झालेत. ते सोडू. नव्या पुलाच्या कमानी बघू.

शनिवारवाड्याकडून महापालिकेकडे जाताना मुठा ओलांडतो तो हा पूल. कागदोपत्री शिवाजी पूल. १९२३ च्या सप्टेंबरात खुला झाला तेव्हा नाव होतं मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं; बांधला मात्र कंत्राटदार रावबहादूर गणपतराव केंजळे यांनी.

दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. लांब शिळा दोन टोकांवर टेकवून मधोमध वजन ठेवलं, की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच जातो. कमानीत हा ताण येऊच द्यायचा नाही, अशी युक्ती असते. दगड पाचरीसारखे घडवतात, वर रुंद, खाली निमुळते. खाली घसरू पाहणारा प्रत्येक दगड शेजाऱ्यांत आणखी घट्ट रुततो आणि भार बाजूला ढकलत जातो. मधल्या खांबावर दोन्हीकडच्या कमानी एकमेकींना रेटून तोल साधतात. टोकाच्या कमानीला समोरून रेटणारं कोणी नाही, म्हणून काठावरचं बांधकाम भरभक्कम लागतं.

बैलगाड्या-टांग्यांच्या जमान्यातला पूल आज बस कशी पेलतो? कमानीच्या आणि तिच्यावरच्या भरावाच्या वजनापुढे बस किरकोळ असते. उलट, त्या वजनामुळेच सांधे आवळलेले राहतात. हलक्या कमानीवर एकाच बाजूला भार आला, तर तिचा आकारच बिघडू लागतो.

पण हे सगळं माथ्यावरचा कळीचा दगड बसल्यानंतरचं. अर्धी कमान स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. त्यामुळे आधी सुतार लाकडाचा गोल साचा उभारतो. त्यावर गवंडी दोन्ही बाजूंनी बरोबरीने दगड चढवत नेतात. एकच बाजू पुढे गेली तर साचा कलंडेल. कळीचा दगड बसला, की मग साच्याखालच्या लाकडी पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या. कमान किंचित खाली बसते, दगड एकमेकांना भिडतात. इथे घाई चालत नाही, कारण चुना सावकाश घट्ट होतो.

साचा निघून पुढच्या कमानीखाली जातो. दगडात उरते ती सुताराने आखलेली गोलाई.