व्यभिचाराचा पुरावा: कायद्याचे शब्द बदलले, तशी पाळत बदलली

खासगी गुप्तहेराने काय टिपायचं, हे शेवटी कायद्याच्या शब्दांवर ठरतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मागताना जोडीदार ‘व्यभिचारी जीवन जगतो आहे’ असं दाखवावं लागे. एखाददुसऱ्या भेटीने भागत नसे. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि लग्नानंतर परक्या व्यक्तीशी स्वेच्छेने एकदा आलेला शरीरसंबंधही पुरेसा ठरला.

तो संबंध कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो आणि न्यायालयही तशी अपेक्षा धरत नाही. दोघांमध्ये जवळीक होती आणि एकांताची संधी मिळाली, एवढं परिस्थितीवरून पटलं पाहिजे. म्हणून खोलीत डोकावायची गरजच नाही, तसं करणं गुन्हाही आहे. दारात उभं राहून मिळतं तेच कामाचं: आत शिरतानाचा फोटो, बाहेर पडतानाचा फोटो, दोन्ही वेळा आणि मधल्या काळात दार सोडलं नसल्याची नोंद. चहासाठी माणूस वीस मिनिटं हलला, की उलटतपासणीत नेमकी तीच वीस मिनिटं निघतात. त्यामुळे पाळतीला दोघं लागतात आणि दुचाकीही दोन, कारण तीच गाडी तीनदा आरशात दिसली की पाठलाग उघडा पडतो. हॉटेलचं रजिस्टर पैसे चारून मिळवू नये. तारीख, वेळ नीट टिपली असेल, तर वकील ते न्यायालयामार्फतच मागवू शकतात.

फोटो डिजिटल झाले आणि खरी अडचण सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. जालन्याच्या निवडणूक वादात २०२० साली तेच पुन्हा ठामपणे मांडलं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही आणि फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा. इथेच घोळ होतो. माणूस फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, फाइल आकसते, वेळेची मूळ माहिती गळून पडते, हॅश जुळत नाही. वर कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या कामासाठी पुसलेलं असतं! मूळ कार्ड निकालापर्यंत सीलबंद ठेवायलाच हवं.

फोनच्या कॉल नोंदी हा सोपा वाटणारा, पण सरळ तुरुंगाकडे नेणारा रस्ता. त्या बेकायदा मिळवून विकल्याबद्दल ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पती-पत्नीने एकमेकांचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असं जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्याने तिसऱ्या माणसाला फोन ऐकायची मुभा मिळालेली नाही.

व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द झालं, व्यभिचार गुन्हा राहिला नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायम आहे. पोटगीच्या तरतुदीत मात्र जुनेच शब्द टिकून आहेत. व्यभिचाराच्या कारणाने पोटगी नाकारायची, तर पत्नी ‘व्यभिचारात राहते’ असं सिद्ध व्हावं लागतं. तिथे हॉटेलच्या दारातला एक फोटो घेऊन आलेला नवरा हरतो. संबंध सतत चालू असल्याचं तारीखवार दाखवावं लागतं, १९७६ पूर्वी घटस्फोटासाठी दाखवावं लागे तसंच.