जाळीवरचं मोझॅक की कागदावरचं? पाऊस खाणाऱ्या भिंतीसाठी

शाळेची कंपाउंड भिंत असो, तालमीचा दर्शनी भाग असो की देवळाची बाहेरची बाजू, मोठं मोझॅक, म्हणजे टाइलचे तुकडे जोडून केलेलं चित्र, लावायचं ठरलं की बेळगाव-खानापूरकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कागदावरचं नको, त्याची खळ पावसात विरघळेल, जाळीवरचं पक्कं.’ हे नेमकं उलटं आहे. या समजापायी मेहनतीने केलेली चित्रं तुकड्या-तुकड्याने गळताना बघून जीव तुटतो, म्हणून एकदा नीट मांडते.

जाळीची पद्धत बहुतेकांना माहीत आहे. आराखड्यावर प्लॅस्टिक अंथरायचं, त्यावर फायबरग्लासची जाळी, आणि जाळीवर टाइलचे तुकडे सुलटे, म्हणजे रंगाची बाजू वर ठेवून, पांढऱ्या गोंदाने चिकटवायचे. वाळलं की कापून जाळीसकट भिंतीवर. दुकानात बाथरूमसाठी चौकोनी शीट मिळतात त्याही बहुधा अशाच. चित्र करताना जसं दिसतं तसंच भिंतीवर दिसतं, म्हणून शिकणाऱ्याला ही पद्धत सोपी वाटते.

कागदाच्या पद्धतीत सगळं उलटं. जाड खाकी कागदावर चित्राचं आरशातलं रूप काढायचं आणि तुकडे पालथे, रंग कागदाकडे करून, मैद्याच्या खळीने लावायचे. भिंतीवर टाइल अॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचं सिमेंटचं मिश्रण, पसरून शीट दाबायची, तेव्हा कागद बाहेरच्या बाजूला येतो. अॅडेसिव्हने पकड घेतली की स्पंजने कागद भिजवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि तो सोलून काढायचा. खळ पाण्याबरोबर धुऊन जाते, आणि ती जावी म्हणूनच वापरलेली असते.

खरी गफलत इथेच होते. प्रश्न गोंद विरघळतो का हा नाही, विरघळणारा गोंद चित्राच्या कुठल्या बाजूला राहतो हा आहे. कागदाची खळ तुकड्याच्या तोंडावर असते आणि काम संपायच्या आत निघून जाते. तुकड्याची पाठ कोरी राहते, ती पूर्णपणे सिमेंटच्या अॅडेसिव्हमध्ये बसते. जाळीचा गोंद मात्र तुकड्याची पाठ आणि अॅडेसिव्ह यांच्या मध्ये कायमचा अडकतो. भिंतीला तुम्ही कितीही भारी अॅडेसिव्ह लावा, ते गोंदाच्या थराला धरतं, टाइलला नाही. मग सगळं चित्र त्या पांढऱ्या थराच्या भरवशावर उभं.

आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंत ओलीच असते. खानापूर तालुक्यात घाटाकडे तर ती वाळायला वेळच मिळत नाही. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेकडच्या भिंतीवर आडवा मारतो, वरून कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचं झाकण, नसलं तर पाणी चित्राच्या मागे उतरतं. ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या फटीत भरायचा माल, पाणी अडवतं हा आणखी एक गोड गैरसमज. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं. ओलावा मागे पोचला की पांढरा गोंद मऊ होतो.

गळून पडलेला तुकडा उचलून त्याची पाठ बघा. पाठीवर सिमेंटचा कणही नसतो. दुधासारखा पांढुरका पापुद्रा असतो, त्यावर जाळीची चौकट उमटलेली असते आणि तो नखाने सोलता येतो. भिंतीकडे बघा, तर अॅडेसिव्हमध्ये दातेरी थापीने ओढलेल्या रेषा जशाच्या तशा शाबूत. तरी दोष येतो अॅडेसिव्हवर किंवा बिचाऱ्या गवंड्यावर! बाहेरच्या कामात तुकड्याच्या पाठीचा ९५ टक्के भाग अॅडेसिव्हला टेकला पाहिजे असा कारागिरीचा मान्य दंडक आहे. पाठीवर गोंद लेपल्यावर तो पाळणार कसा?

‘पण आमचा गोंद वॉटरप्रूफ आहे.’ सुताराच्या गोंदावरचा तो शब्द लाकडाच्या सांध्यासाठी असतो, चार महिने भिजणाऱ्या भिंतीसाठी नाही. जाळी वापरायचीच असेल तर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे पाण्याने मऊ न होणारा गोंद, वापरून, तेही ठिपक्याठिपक्याने लावणारे जाणकार आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. घरातल्या ओट्यामागे, जिथे भिंत कोरडी आहे, तिथे साधी जाळीही चालते. उघड्यावर मात्र मी कागदच घेईन.

कागदाची पद्धत नवीन खूळ आहे असंही सांगतात. इटालियन कारागीर जान दोमेनिको फाकीना यांनी १८५८ साली फ्रान्समध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि १८७५ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांचं मोझॅक आहे.

कागदाला जपावं लागतं ते दोन गोष्टींत. पहिली, चित्र उलटं काढायचं आहे हे विसरू नका. छत्रपतींची किंवा राणी चन्नम्मांची तलवार डाव्या हातात गेली तर ती दुरुस्त होत नाही. अक्षरं, देवनागरी असोत वा कन्नड, आरशातून वाचून तपासा, आणि हे तपासणारा माणूस काढणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. दुसरी, शीट कापताना सरळ चौकोन पाडू नका. मला याची भयंकर चीड आहे: सुंदर चित्र आणि त्यावर खिडकीच्या गजांसारख्या सांध्यांच्या रेषा उमटलेल्या. पदराच्या काठाने, डोंगराच्या रेषेने, घोड्याच्या पाठीने कापा. सांधा दिसत नाही. प्रत्येक शीटच्या कागदाच्या कोऱ्या बाजूला नंबर आणि वरच्या दिशेचा बाण काढा, नाहीतर परांचीवर चढल्यावर गोंधळ ठरलेला. कागद सोलताना भिंतीला समांतर, खाली ओढायचा. आपल्याकडे ओढला की तुकडे हातात येतात. सरकलेला तुकडा तेव्हाच बोटाने जागेवर बसवता येतो.

टाइलबद्दल थोडक्यात. व्हिट्रिफाइड घ्या, पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत असतं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलमध्ये ते १० टक्क्यांच्या वर जातं. खानापूरची लाल माती आणि कुंभारकामाचा मला अभिमान आहे, पण कमी भाजलेलं टेराकोटा पाणी पितं आणि दोन पावसात शेवाळतं. ते वापरायचं तर छपराखाली वापरा.

भिंतीलाही वेळ द्या. नवा गिलावा किमान २८ दिवस पिकू दे. जुन्या भिंतीवरचा डिस्टेंपर, चुना खरवडून काढा, कारण रंगावर लावलेलं मोझॅक रंगाबरोबर पडतं. साधारण ३ मीटरवर सिमेंटऐवजी लवचिक सीलंटचा, म्हणजे रबरासारख्या भरणाचा, सांधा सोडा. वैशाखात तापलेल्या भिंतीवर वळवाची गार सर आली की टाइल आणि भिंत एका मापाने आकसत नाहीत. काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत उरकावं. एप्रिलच्या उन्हात अॅडेसिव्हवर कोरडी साय येते, मग कागद असो वा जाळी, चिकटत नाही.

आणि कुणी कंत्राटदार ‘जाळीच घ्या, आम्ही नेहमी तीच लावतो’ म्हणाला, तर वाद घालू नका. त्याच्याच गोंदाने केलेला हातभर नमुना मागा, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी जाळीला धरून उचला. तुकडे बादलीतच राहिले तर कामाच्या करारात ‘कागदावर, पाठ कोरी’ एवढं लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.