‘परमनंट मास्तरला कोणी हात लावत नाही’?

‘मास्तर एकदा परमनंट झाला की ब्रह्मदेवही काढू शकत नाही.’ सोयरीक जुळवताना हमखास ऐकू येणारं हे वाक्य खरं नाही. महाराष्ट्रातल्या अनुदानित खासगी शाळांत १९७७ च्या कायद्याने हमी मिळते ती रीतसर चौकशीची: आरोपपत्र, चौकशी समिती, बाजू मांडायची संधी. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाऊ शकते. मग ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. परमनंट होण्याआधीची, शिक्षणसेवक म्हणून काढायची पहिली ३ वर्षं तर टांगतीच.

त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या पहिली ते आठवीच्या जुन्या शिक्षकांनाही २ वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायला सांगितलं. वीस वर्षं खडू झिजवलेले गुरुजी आता रात्री बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत बसलेत.