पार्श्वभूमी : चीनमधल्या पेटंटांचा पूर आणि सरकारी अनुदान

चीनमध्ये पेटंट कायदा लागू झाला तो १ एप्रिल १९८५ रोजी. त्यात तीन प्रकार ठेवले होते: इन्व्हेन्शन, युटिलिटी मॉडेल आणि डिझाइन. पुढच्या गोंधळाचे मूळ इथेच आहे. इन्व्हेन्शनच्या अर्जाची सखोल तांत्रिक छाननी होते, तिला वर्षे लागतात. युटिलिटी मॉडेल म्हणजे वस्तूच्या आकारात किंवा रचनेत केलेली लहानसहान सुधारणा. ते आणि डिझाइन यांची कागदपत्रे नीट असली की बहुधा काम होऊन जाते. सरकारी कोष्टकात मात्र तिन्ही ‘पेटंट’च.

१९९९ मध्ये शांघायने पेटंटच्या खर्चासाठी अनुदान सुरू केले. हेतू रास्त होता, कारण लहान कारखानदाराला फी आणि एजंटचे पैसे झेपत नाहीत. दशकभरात जवळपास सगळ्या प्रांतांनी हाच कित्ता गिरवला आणि मग चढाओढ लागली. काही ठिकाणी अनुदान खर्चापेक्षा जास्त मिळू लागले, म्हणजे अर्ज करणे हाच धंदा झाला. २००८ पासून ‘हाय-टेक’ ठरलेल्या कंपनीला २५ ऐवजी १५ टक्के कर लागू झाला. त्या दर्जासाठी स्वतःची बौद्धिक संपदा दाखवावी लागे आणि तिथे युटिलिटी मॉडेलही चालत. फौजदारी कायद्यात तर शोध लावणाऱ्या कैद्याची शिक्षा कमी करण्याची तरतूद आहे. तिच्यासाठी तयार ‘शोध’ विकणारेही निघाले!

वरून उद्दिष्टही आले: २०१५पर्यंत दर दहा हजार लोकांमागे ३.३ इन्व्हेन्शन पेटंट. आकडा ठरला की तो गाठला जातोच. २०११ मध्ये अर्जांच्या संख्येत चीनने अमेरिकेला मागे टाकले. पण २०१३ मध्ये मिळालेल्या डिझाइन पेटंटांपैकी सुमारे ९१ टक्के पुढच्या चार-पाच वर्षांत नूतनीकरणाची फी न भरल्याने बाद झाली. ज्याच्यावर मालकच खिशातले पैसे घालत नाही, त्याची किंमत उघड आहे.

तरी सगळाच कचरा होता असे म्हणणे खोटे ठरेल. याच काळात हुआवेई या दूरसंचार कंपनीने आंतरराष्ट्रीय अर्जांच्या यादीत अनेकदा पहिला क्रमांक पटकावला. तो काही प्रांतिक अनुदानाच्या लोभाने नव्हे.

बनावट अर्जांविरुद्धचे नियम २००७ पासूनच होते, पण अनुदानाचा नळ चालू ठेवून. जानेवारी २०२१ मध्ये पेटंट प्रशासनाने आदेश काढला: अर्जावरचे अनुदान जूनअखेर बंद, बाकीचे २०२५पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद. नव्या पंचवार्षिक योजनेत ‘उच्च मूल्याच्या’ पेटंटांचे उद्दिष्ट आले, दहा हजारांमागे १२. मोजपट्टी बदलली, मोजणी कायम.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने शैक्षणिक संस्थांना पेटंट फीमध्ये ८० टक्के सवलत दिली. फी-सवलत म्हणजे रोख अनुदान नव्हे, हे खरे. पण आपल्याकडे कॉलेजांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत मंजूर पेटंटांबरोबर नुसते प्रसिद्ध झालेले अर्जही धरले गेले आहेत, आणि अर्ज प्रसिद्ध व्हायला छाननी लागत नाही.